शिकागोची 'एल' घरांच्या मागून का जाते?

मागच्या वर्षी कामासाठी शिकागोला गेलो होतो, तेव्हा एक अख्खा रविवार मोकळा मिळाला. तिकडच्या टीममधला एक जण म्हणाला, बोट टूर राहू दे, 'एल'मध्ये बस. 'एल' म्हणजे एलिव्हेटेड, खांबांवरून धावणारी ट्रेन. अ‍ॅडम्स-वाबॅश स्टेशनवर कार्ड टॅप केलं आणि ग्रीन लाइनने दक्षिणेकडे निघालो.

थोड्या वेळाने एक गोष्ट खटकली. खिडकीतून घरांचे दर्शनी भाग दिसतच नव्हते. दिसत होते ते मागचे लाकडी जिने, कचऱ्याचे डबे, कुणाची तरी बार्बेक्यूची शेगडी. इतकी फेमस ट्रेन, आणि ती बोळातून का काढली असेल?

उत्तर कायद्यात आहे. तेव्हा इलिनॉयमध्ये रस्त्यावरून अशी रेल्वे न्यायची, तर तिथल्या मालमत्तेच्या मालकांची संमती लागायची. डोकी मोजायची नाहीत, तर रस्त्याला लागून कुणाची किती फूट जमीन आहे ते मोजायचं, आणि निम्म्याहून जास्त फूट बाजूने हवेत. भाडेकरूला मतच नाही! साउथ साइड कंपनीने विचार केला, ही कटकटच नको. घरांमागचे बोळ शहराच्या मालकीचे, मग तिथूनच जाऊ. ६ जून १८९२ ला काँग्रेस स्ट्रीट ते ३९वा रस्ता अशी पहिली गाडी धावली. लोक तिला 'अ‍ॅली एल' म्हणायचे, म्हणजे बोळातली. आणि इंजिन वाफेचं होतं हां. धूर आणि खडखडाट थेट मागच्या खिडक्यांत! पुढच्याच वर्षी जागतिक प्रदर्शनासाठी ती जॅक्सन पार्कपर्यंत वाढवली. विवेकानंद शिकागोत बोलले ते हेच १८९३ साल.

आता या गोष्टीतला खलनायक: चार्ल्स टायसन येर्कीस. फिलाडेल्फियात आर्थिक गुन्ह्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला माणूस. वेगवेगळ्या कंपन्यांचे मार्ग डाउनटाउनपर्यंत यायचे, पण एकमेकांना जोडलेले नव्हते. याला चौकोनी 'लूप' बांधून ते जोडायचे होते. म्हणून चार बाजूंसाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाने संमत्या गोळा केल्या. व्हॅन ब्युरेन स्ट्रीटवर मात्र डाउनटाउनचे मालक अडून बसले. मग याने काय करावं? कागदावर मार्गच लांबवला, नदीपलीकडे थेट हॉल्स्टेड स्ट्रीटपर्यंत. तिकडचे मालक ट्रेनसाठी तयार होते. त्यांची फुटं मिळवली, बहुमत झालं, आणि मग लूपला हवा तेवढाच भाग बांधला. पश्चिमेकडचा तुकडा बांधलाच नाही!

टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्ट डेटाच बदलायचा, तसला प्रकार. खरं सांगू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो. मग वाटलं, पलीकडच्या लोकांनी ट्रेन येणार म्हणून संमती दिली होती. त्यांना काय मिळालं? काही नाही. ऑक्टोबर १८९७ मध्ये लूप सुरू झाला. येर्कीस पुढे लंडनला गेला आणि तिथल्या भुयारी रेल्वेत पैसा उभा केला.

वाफेचा त्रास एका इंजिनिअरने संपवला, फ्रँक स्प्रेग. त्याची आयडिया अशी की इंजिन नकोच, प्रत्येक डब्याला स्वतःची मोटर द्यायची आणि सगळ्या मोटरी एकाच ठिकाणाहून चालवायच्या. १८९७ च्या चाचणीत त्याने गाडी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला चालवायला दिली! दुसऱ्या वर्षी साउथ साइडची गाडी विजेवर गेली. आपल्या लोकलही याच तत्त्वावर चालतात.

तुम्ही गेलात तर एक करा. मर्चंडाइज मार्टला डाउनटाउनकडे जाणारी ब्राउन लाइन पकडा. ती नदी ओलांडते, पूर्ण लूपला वळसा घालते आणि परत तिथेच आणून सोडते. जेमतेम तीन किलोमीटरचा चौकोन, पण वळणांवर चाकं अशी किंचाळतात की हेडफोन निरुपयोगी. ब्लू आणि रेडमध्ये चुकून बसू नका, त्या डाउनटाउनमध्ये जमिनीखालून जातात.

सत्तरच्या दशकात हा लूप पाडून भुयारी मार्ग करायचं घाटत होतं. १९७९ मध्ये तो बेत सोडून दिला. क्विन्सी स्टेशन तर १८९७ मध्ये होतं तसं पुन्हा सजवून ठेवलंय, तिथे नक्की उतरा. आणि व्हॅन ब्युरेनवर गाडी वळताना पश्चिमेकडे बघा. न बांधलेला तुकडा तिकडेच जाणार होता.