निखारा आणि शेजार

हिवाळ्यांत ज्या अग्नीचा माणसाला आधार, त्याच अग्नीची त्याला धास्ती. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया नगरीला अठराव्या शतकांत या दुहेरी नात्याचा अनुभव वारंवार येत असे. थंडी अशी कीं, कित्येक वर्षीं शेजारची डेलावेअर नदी गोठून जाई. घरांत ऊब म्हणून ती भिंतींतील चुलीची. आणि एका खोलींतील चुलीवरून दुसरींतली पेटवावयाची तर जळते निखारे फावड्यावर घेऊन जाण्याचा सर्वत्र प्रघात होता.

१६८२ सालीं नगरीची आंखणी झाली तेव्हां तिचा संस्थापक विल्यम पेन याच्या मनांत कधींहि न जळणारें शहर होतें. १६६६ चा लंडनमधील अग्निप्रलय त्याच्या पिढीनें पाहिलेला होता. म्हणून प्रत्येक घर आपल्या आवाराच्या मध्यभागीं, भोंवतीं बाग राखून असावें, अशी त्याची इच्छा. परंतु वस्ती वाढली, जागांचे तुकडे पडले, आणि नदीकडच्या बाजूस घराला घर भिडलें. १७३० सालीं धक्क्यावर लागलेल्या आगीनें तेथील वखारी व घरें गिळून टाकलीं.

अशा वेळीं, फेब्रुवारी १७३५ मध्यें, ‘पेनसिल्व्हानिया गॅझेट’ या पत्रांत एका वृद्ध नागरिकाचें पत्र प्रसिद्ध झालें. हा वृद्ध म्हणजे वस्तुतः त्या पत्राचा २९ वर्षांचा संपादक बेंजामिन फ्रँक्लिन. उपचारापेक्षां प्रतिबंध बरा, या आशयाचें इंग्रजींतील सुप्रसिद्ध वचन त्या पत्राच्या आरंभींच आहे. परंतु पत्राचें खरें मोल पुढील बारकाव्यांत आहे. निखारे एका खोलींतून दुसरींत किंवा जिन्यावरून उघड्या फावड्यावर नेऊं नयेत, झांकणाच्या भांड्यांतून न्यावेत. कारण एखादी ठिणगी फटींत पडते, कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि मध्यरात्रीं घरची माणसें जागी होतात तों जिना पेटलेला असतो! मग खिडकींतून उडी टाकण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. चुलीपुढील दगडी फरशी अरुंद नसावी, चुलीच्या दोहों बाजूंस लांकडी नक्षी बसवूं नये, असेंहि त्यानें बजावलें.

धुराड्याविषयींचें त्याचें निरीक्षण तर मार्मिक आहे. कित्येक धुराडीं झाडून घेतल्यावर थोड्याच दिवसांत पेटतात. धुराडें साफ झालें या भरंवशावर घरचीं माणसें मोठा जाळ करतात, आणि आंत राहिलेली काजळी भडकते. म्हणून धुराडें झाडल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत त्यांतून ज्वाळा निघाल्या तर दंड झाडणारानें भरावा, अशी सूचना त्यानें केली. अर्धवट झालेलें काम न झालेल्या कामाहून घातक ठरतें; कारण तें माणसाला निर्धास्त करतें.

परंतु एकाच घरानें सावध राहून भागत नाहीं. शेजाऱ्याच्या धुराड्यांतील ठिणगी कुंपण ओळखीत नाहीं. म्हणून ७ डिसेंबर १७३६ रोजीं फ्रँक्लिन व त्याचे सोबती यांनीं ‘युनियन फायर कंपनी’ स्थापिली. प्रत्येक सभासदानें चामड्याच्या बादल्या व सामान भरण्यासाठीं मजबूत पिशव्या स्वतःच्या घरीं सज्ज ठेवावयाच्या. हयगय केल्यास दंड. महिन्यांतून एकदां जमून आग विझविण्याच्या उपायांचा विचार करावयाचा. सभासदांची संख्या मर्यादित असल्यानें वगळलेल्यांनीं आपापल्या निराळ्या मंडळ्या काढल्या आणि हळूहळू शहरभर त्यांचें जाळें पसरलें. तेव्हांपासून एका वेळीं एकदोन घरांहून अधिक हानि झाली नाहीं, असें फ्रँक्लिननें आपल्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

१७५२ सालीं याच विचारांतून घरांचा आगीविरुद्ध परस्पर विमा उतरणारी संस्था निघाली. ती आधीं घराची तपासणी करी आणि धोका पाहून विम्याची रक्कम ठरवी. त्यामुळें निष्काळजीपणाची किंमत जळण्यापूर्वींच मालकाच्या ध्यानांत येऊं लागली.

आग लागल्यावर विहीर खणावयास घेणारांची जगांत कधींच वाण पडली नाहीं. फिलाडेल्फियाच्या नागरिकांनीं विहिरीबरोबर निखाऱ्यावरील झांकणाचाहि विचार केला. आज तेथें फावड्यावरचे निखारे नाहींत. पण जेथें जेथें हिवाळ्याच्या रात्रीं शेगडी पेटते, तेथें निजण्यापूर्वीं ती एकदां पाहून घेण्याचें काम अजून कोणत्याहि बंबाला करतां आलेलें नाहीं. तें घरच्याच माणसाचें आहे.