परमुलखातला घोडा आणि जुन्नरचा पावसाळा

आजचा विषय आम्ही निवडला नाही, तो एका फोनमुळे आमच्या गळ्यात पडला. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. तर्कशास्त्रात जेमतेम पास झाला, पण द्राक्षबागेत आमच्यापेक्षा शंभरपट शहाणा निघाला. गेल्या महिन्यात त्यानं फोन केला, "सर, स्पॅनिश घोडा घ्यायचा विचार चाललाय." पाठोपाठ फोटो पाठवले. पांढराशुभ्र, मानेला कमानीचा बाक, आयाळ खांद्यापर्यंत. आम्ही विचारलं, "छानच आहे, पण त्याला नाल कोण मारणार?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "ते बघू नंतर."

हे "बघू नंतर" आपल्या दख्खनच्या इतिहासात फार जुनं आहे, आणि आज बोलायचंय ते त्याबद्दलच.

स्पेनपासूनच सुरुवात करू. १४९३ साली कोलंबस दुसऱ्या सफरीवर निघाला तेव्हा त्याच्या जहाजांवर स्पॅनिश घोडे होते. १५१९ मध्ये कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तो सोळा घोडे घेऊन. त्या खंडात त्या काळी घोडा नावाचं जनावरच नव्हतं. पण पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत तिथल्या माळरानांवर घोड्यांचे रानटी कळप फिरू लागले. मस्टँग म्हणतात ते हेच, आणि तो शब्दही मूळचा स्पॅनिशच.

आता आपल्याकडे बघा. अरबस्तानातून, इराणातून आपल्या किनाऱ्यावर घोडे शतकानुशतकं उतरत होते. सोळा नव्हे, दरसाल हजारांनी. तरीही पुढच्या साली पुन्हा तितकेच विकत घ्यावे लागत. सोनं जायचं, घोडे यायचे, घोडे मरायचे, पुन्हा सोनं जायचं. असं का व्हावं? घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं? (हशा) हसू नका, हा वाक्प्रचार घोड्याच्या खाण्यावरूनच आलाय, आणि आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खाण्यातच आहे.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो दक्षिणेत आला. तमिळ किनाऱ्याबद्दल तो लिहितो की इथले राजे दरवर्षी हजारो घोडे घेतात आणि वर्ष सरता सरता त्यातले शंभरसुद्धा उरत नाहीत. कारण काय, तर सांभाळणारं कुणी नाही. घोड्यांना भाताबरोबर शिजवलेलं मांस खायला घालतात, असं तो सांगतो. उत्तम घोडा आणि उत्तम घोडी यांना इथं होणारं शिंगरू वाकड्या पायांचं, बसायच्या लायकीचं नसलेलं निपजतं, असंही म्हणतो. त्यापुढचं वाक्य मात्र आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घोडे विकणारे व्यापारी नालबंद आणि घोड्यांचे वैद्य इकडे येऊ देत नाहीत, कारण घोडे मेले तरच पुढच्या साली पुन्हा विकता येतात.

पोलोच्या साऱ्या गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे कबूल. पण व्यापाराचा हा हिशेब खोटा वाटत नाही. आणि आपल्या ठाण्याबद्दल तो काय लिहितो ते ऐका. ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीतला बाकी माल चाच्यांचा, पण घोडे जितके सापडतील तितके राजाचे! म्हणजे सोनंनाणं सोडलं तरी चालेल, घोडा सोडायचा नाही. घोड्याची भूक किती होती बघा.

दोनशे वर्षांनी फेर्नाँव नुनीश हा पोर्तुगीज विजयनगरात होता, स्वतः घोड्यांचा व्यापारी. तो सांगतो की नरसिंह राजा घोडे मागाल त्या किमतीला घ्यायचा, जिवंत असो वा मेलेला. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळत. वेडेपणा वाटतो, पण राजाची बाजू समजून घ्या. वाटेतल्या नुकसानीची हमी दिली नाही तर व्यापारी आपले घोडे शेजारच्या शत्रूकडे नेणार. पुढे १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पोर्तुगीजांनी नेमकी हीच किल्ली हातात धरली. घोड्यांची जहाजं गोव्यालाच लागली पाहिजेत, जकात तिथंच भरली पाहिजे. १५४७ साली त्यांनी विजयनगरशी तह केला, त्यात घोडे विजयनगरला द्यायचे आणि विजापूरला द्यायचे नाहीत हे कलमच होतं. आज शस्त्रास्त्रांच्या सौद्यांत हे चालतं, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल वाटायला नको.

आता राजेरजवाडे बाजूला ठेवू आणि एकाच माणसाच्या एकाच घोड्याकडे येऊ. आपल्या नाशिकहून पुण्याच्या रस्त्याला लागलं आणि नारायणगावाहून आत वळलं की जुन्नर. १४७० च्या आसपास या जुन्नरात एक रशियन माणूस घोडा घेऊन आला. अफानासी निकितीन, त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामा यायच्या पंचवीस-तीस वर्षं आधीची ही गोष्ट. माल वाटेत लुटला गेलेला, डोक्यावर कर्ज. हिंदुस्थानात घोड्याला चांगली किंमत येते असं ऐकून त्यानं होतं नव्हतं ते एका घोड्यात घातलं. होर्मुझहून गलबतात चढला आणि सहा आठवड्यांनी चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे, तिकडे गेलात तर बघा.

सहा आठवडे समुद्रावर घोडा म्हणजे काय, याची कल्पना करा. घोड्याला ओकारी होत नाही. पोटात बिघडलं तर बाहेर टाकायची सोय निसर्गानं त्याला दिलेलीच नाही, म्हणून पोटशूळ हा घोड्याचा मोठा काळ. गोडं पाणी मोजकं, हलत्या फळ्यांवर उभं राहायचं, वर वैशाखाचं ऊन. त्यातून उतरल्यावर पालीवरून घाट चढून जुन्नर, म्हणजे आणखी तीनेक आठवडे. निकितीन लिहितो की देवाच्या दयेनं घोडा धडधाकट पोचला आणि आपल्याला तो शंभर रुबलांना पडला.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आपला माणूस ज्येष्ठ-आषाढाची वाट बघतो, पण हा बिचारा लिहितो, चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. त्या चिखलात सुक्या मुलखातला घोडा उभा! ज्यांनी गुरं राखलीत त्यांना सांगायला नको, सतत ओल्यात उभं राहिलं की खूर कुजतो. आणि खूर गेला की घोडा गेला. बाकी तो कितीही राजबिंडा असू दे.

पण निकितीनचा घोडा जगला. कसा, याचं उत्तर त्याच्या एका ओळीत आहे. इकडे घोड्यांची पैदास करत नाहीत असं सांगून तो घोड्याचा खुराक देतो. त्यानं शब्द वापरलाय 'नोफूत', म्हणजे फारसी नखुद, आपला हरभरा. आणि दुसरा शब्द आहे 'किचिरिस'. ओळखलंत ना? खिचडी! साखर आणि तूप-तेल घालून शिजवलेली खिचडी जुन्नरात घोड्यांना देत, आणि ती रशियन भाषेत नोंदली गेली. पोलोच्या शिजवलेल्या मांसापासून हरभऱ्यापर्यंतचं अंतर दोनशे वर्षांचं आहे. मधल्या काळात दख्खनमध्ये कुणीतरी शिकत होतं. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी हरभरा घोड्याचं खाद्य कधीपासून झाला यावर स्वतंत्र लेखच लिहिलाय. अशा विषयात आयुष्य घालवणारी माणसं आपल्याकडे होती, हे विद्यार्थ्यांना सांगायला आम्हाला आवडतं.

पुढची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे. जुन्नरचा अंमलदार असद खान यानं तो घोडा काढून घेतला. हा परदेशी मुसलमान नाही हे कळल्यावर त्यानं अट घातली. आमचा धर्म घे, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा. नाही घेतलास तर घोडा तर गेलाच, तुझ्याकडूनच हजार वसूल करीन. मुदत चार दिवसांची. कर्जबाजारी माणूस, परका मुलूख, आणि सगळं भांडवल दुसऱ्याच्या तबेल्यात. तो डगमगला, पण बदलला नाही. मुदत संपता संपता खुरासानचा एक ख्वाजा मुहंमद तिथं पोचला, त्यानं खानाकडे रदबदली केली आणि घोडा परत मिळवून दिला. वाचवणाराही मुसलमानच, हे निकितीननं प्रांजळपणे लिहून ठेवलंय. आपणही ते तितक्याच प्रांजळपणे वाचावं.

असद खानाचा वरिष्ठ कोण होता ठाऊक आहे? बहमनी राज्याचा कारभारी महमूद गवान. आणि तो मूळचा कोण? इराणातल्या गीलानहून दाभोळ बंदरात उतरलेला व्यापारी, घोडे घेऊन बिदरच्या दरबारी गेलेला! त्याची पदवीच 'मलिक-उत-तुज्जार', व्यापाऱ्यांचा राजा. घोड्यामागून आलेला एक माणूस राज्याचा वजीर झाला आणि दुसरा घोड्यापायी जीव मुठीत धरून बसला. दोघंही एकाच काळातले.

निकितीननं घोडा शेवटी बिदरला नाताळाच्या सुमारास विकला. वर्षभर पोसला आणि त्यावर अडुसष्ट फनम खर्च झाले, एवढं लिहितो. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कच्या अलीकडेच तो वारला.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेत घोडा रुजला आणि इथं का नाही? हवामान हे सोपं उत्तर आहे, आणि त्यात तथ्यही आहे. तिकडे मोकळी सुकी कुरणं, आणि इकडे कोकणचा दमट किनारा. पण सगळा दख्खन काही कोकण नाही. भीमेचं खोरं, नीरेचं खोरं पर्जन्यछायेतलं आहे. पाऊस बेताचा, जमीन कठीण, गवत आखूड पण कसदार. तिथं घोडा रुजला. भीमथडीचं तट्टू म्हणतात ते हेच. अरबी रक्त आणि देशी तट्टू यांच्या संकरातून ते आलं असं परंपरा सांगते. दिसायला काही विशेष नाही. आमच्या विद्यार्थ्यानं फोटो पाहिला असता तर पुढे सरकवला असता. पण मूठभर दाण्यावर दिवसभर चालणारं जनावर! आजही पुणे-नगरकडचे धनगर बिऱ्हाड लादून याच घोड्यांबरोबर मेंढरामागं फिरतात, आणि अलीकडे या जातीची सरकारदरबारी स्वतंत्र नोंदही झाली.

म्हणून आमचं मत असं, की प्रश्न हवेइतकाच हातांचाही होता. ज्ञान ग्रंथात नव्हतं असं नाही. शालिहोत्राचं शास्त्र होतं, नकुलाच्या नावावरची अश्वचिकित्सा होती, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासात घोड्यांवर प्रकरणं आहेत. शालिहोत्रावरूनच सालोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, हा शब्द आला. पण श्लोक पाठ असणारा खूर उचलत नव्हता आणि खूर उचलणाऱ्याला श्लोक येत नव्हता. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्यानं १९४९ साली 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' यातला भेद मांडला. आम्ही तो वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि उदाहरण द्यायचो सायकलचं. नालबंदाचं द्यायला हवं होतं.

आता सभासदाची बखर उघडा. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सांगताना तो काय नोंदवतो? पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद. पोलोच्या काळी व्यापारी जो माणूस येऊ देत नव्हते, तो इथं लष्कराच्या मोजणीतच बसलाय. पावसाळ्यात लष्करानं छावणीला परतायचं, आणि तिथं आधीच दाणा, रतीब, औषधं आणि घोड्यांसाठी गवतानं शाकारलेली घरं तयार असायची.

आणि ते मे १६७३ चं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र! रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी ते प्रसिद्ध आहे, पण आमचा आग्रह आहे की ते घोड्याचं पत्र म्हणूनही वाचावं. साठवलेला दाणा-गवत आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल. आणि गवताच्या गंजीजवळ चूल नको, चिलीम नको, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल. छत्रपती होण्याच्या उंबरठ्यावरचा माणूस उंदराचा विचार करतोय! घोडा सांभाळणं म्हणजे काय, हे आम्हाला याहून चांगलं सांगता येणार नाही.

आमच्या लहानपणी पंचवटीत टांगे होते. त्याआधीच्या पिढीनं नाशिक रोड स्टेशनहून गावात येणारी घोड्यांची ट्राम पाहिली होती. तेव्हा नालबंद शोधावा लागत नसे, ठोक्यांचा आवाजच यायचा. तोंडाला तोबरा बांधलेला घोडा, खराऱ्याचा खसखस आवाज आणि ओल्या हरभऱ्याचा वास आम्हाला अजून आठवतो.

विद्यार्थ्याचा परवा पुन्हा फोन आला. लग्नाच्या वरातीच्या घोड्यांना नाल मारणारे एक म्हातारे गृहस्थ त्याला सापडलेत. ते शेतावर आले, तबेल्यासाठी आखलेली जागा पाहिली आणि म्हणाले, इथं पाणी साचतं, आधी जोतं दोन हात उचला. सध्या जोत्याचं काम चालू आहे, घोड्याचं अजून ठरलेलं नाही.

बरं, सव्वासात झालेत. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.