हमझा चौधरी : जन्म इंग्लंडमध्ये, एफए कप जिंकला, तरी बांगलादेशकडून का खेळतो? आणि भारताला हे का जमत नाही?

१८ नोव्हेंबर २०२५. ढाक्याच्या नॅशनल स्टेडियमवर भारत विरुद्ध बांगलादेश असा फुटबॉलचा सामना होता. दोन्ही संघ २०२७ च्या एशियन कपच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडलेले, म्हणजे कागदावर या सामन्याला काहीच अर्थ नव्हता. तरी स्टेडियम गच्च भरलं होतं. ११ व्या मिनिटाला शेख मोरसालिनने गोल मारला, बांगलादेशने १-० अशी मॅच काढली आणि तब्बल २२ वर्षांनी भारताला हरवलं.

गोल मोरसालिनचा असला, तरी त्या संघाचा चेहरा दुसराच खेळाडू आहे : हमझा चौधरी. मोठे कुरळे केस, मधल्या फळीतला खेळ आणि इंग्लंडमध्ये गेलेलं सगळं आयुष्य. त्याची गोष्ट आपल्याकडे रील्समधून फिरत असते, पण अर्धवट. म्हणून ती नीट समजून घेऊ.

हमझा चौधरी आहे तरी कोण?

हमझाचा जन्म १ ऑक्टोबर १९९७ चा, इंग्लंडमधल्या लफबरो गावचा. आई बांगलादेशी वंशाची, जन्मदाते वडील कॅरेबियन बेटांतल्या ग्रेनाडाचे. पण तो वाढला आई आणि बांगलादेशी सावत्र वडिलांच्या घरात. घरात बोली सिलहेटी आणि सुट्टीत गावाकडे फेरी.

ते गाव म्हणजे हबिगंज जिल्ह्यातलं स्नानघाट. हा सगळा सिलहेटचा पट्टा. ब्रिटनमधले बहुसंख्य बांगलादेशी याच भागातून गेलेत. आधी जहाजांवर खलाशी म्हणून गेले, पुढे गिरण्या-कारखान्यांत आणि रेस्टॉरंटच्या धंद्यात शिरले. ब्रिटनमध्ये ज्याला 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतात, त्यातली कित्येक याच सिलहेटी लोकांनी चालवलेली आहेत.

हमझा लहानपणीच लेस्टर सिटीच्या अकादमीत गेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये टॉटनहॅमविरुद्ध तो पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये उतरला. बांगलादेशी मुळं असलेला खेळाडू तिथे याआधी दिसला नव्हता. २०२१ मध्ये लेस्टरने चेल्सीला हरवून एफए कप जिंकला, त्या फायनलमध्ये तो बदली खेळाडू म्हणून मैदानात होता. मधल्या काळात वॉटफर्ड आणि शेफिल्ड युनायटेड या क्लबांकडूनही तो लोनवर खेळला.

मग इंग्लंडकडून का नाही खेळला?

खेळला, पण ज्युनियर संघाकडून. २०१९ च्या २१ वर्षांखालील युरो स्पर्धेत तो इंग्लंडच्या संघात होता. फ्रान्सविरुद्धच्या मॅचमध्ये त्याला रेड कार्ड मिळालं. सीनियर संघाचं बोलावणं त्यानंतर कधी आलंच नाही. इंग्लंडच्या मधल्या फळीत डेक्लन राईससारखे खेळाडू बसलेले होते, त्यामुळे दार जवळपास बंदच होतं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. इंग्लंडच्या सीनियर संघात जागा मिळाली असती, तर हमझा आज बांगलादेशच्या जर्सीत नसता. मुळांची ओढ आणि करिअरचं गणित, दोन्ही एकत्र आल्यावर असे निर्णय होतात. त्यात कमीपणा काही नाही. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये सेमीफायनल गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ पैकी १४ खेळाडूंचा जन्म मोरोक्कोबाहेरचा होता. त्यातला अश्रफ हकीमी तर माद्रिदमध्ये जन्मला आणि वाढला.

असा देश बदलता येतो का?

येतो, पण फिफाच्या अटी आहेत. सोप्या भाषेत सांगायचं तर :

– नव्या देशाचं नागरिकत्व हवं. नुसते आजोबा तिथले होते म्हणून भागत नाही.
– सीनियर संघाकडून फक्त मैत्रीपूर्ण सामने खेळले असतील, तर बदल शक्य असतो.
– ज्युनियर संघाकडून अधिकृत स्पर्धा खेळली असेल, तरी अटींत बसल्यास बदल मिळतो, पण आयुष्यात एकदाच.
– २०२० पासून नियम थोडा सैल झाला. वयाच्या २१ वर्षांआधी सीनियर संघाकडून जास्तीत जास्त तीन सामने खेळलेल्या खेळाडूलाही, तीन वर्षं उलटल्यावर, बदल मागता येतो. मात्र वर्ल्ड कप किंवा युरो, एशियन कपसारख्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळला असेल तर विषय संपला.

हमझाने २०२४ मध्ये बांगलादेशचा पासपोर्ट काढला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ना हरकत दिली आणि डिसेंबर २०२४ मध्ये फिफाने हिरवा कंदील दाखवला.

पहिलीच मॅच भारताविरुद्ध

मार्च २०२५ मध्ये हमझा सिलहेटच्या विमानतळावर उतरला तेव्हा स्वागताला तोबा गर्दी होती. तिथून तो आधी गावी गेला, मग संघात दाखल झाला.

२५ मार्चला शिलाँगमध्ये एशियन कप पात्रता फेरीचा सामना होता. तेव्हा फिफा क्रमवारीत भारत १२६ व्या आणि बांगलादेश १८५ व्या स्थानावर होता. भारताकडून निवृत्ती मागे घेतलेला सुनील छेत्री खेळत होता. मॅच ०-० सुटली. निकाल बरोबरीचा असला, तरी आनंद बांगलादेशला झाला आणि चिंता भारताला.

शिलाँगचाही एक योगायोग आहे. १९४७ मध्ये सार्वमत होऊन सिलहेटचा बहुतेक भाग पूर्व पाकिस्तानात गेला. त्याआधी सिलहेट आसाम प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती शिलाँग. म्हणजे हमझाच्या गावातल्या जुन्या पिढीची राजधानी असलेल्या शहरात तो परदेशी पाहुणा म्हणून पहिली मॅच खेळला.

एका खेळाडूने संघ बदलला का?

थोडा बदलला, पण सगळा नाही.

४ जूनला ढाक्यात भूतानविरुद्ध सहाव्या मिनिटाला त्याने हेडरवर गोल केला आणि बांगलादेश २-० जिंकला. पण लगेच १० जूनला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली. ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगविरुद्ध हमझाने फ्री किकवर गोल करून आघाडी मिळवून दिली. पुढे १-३ ने मागे पडलेल्या संघाने भरपाई वेळेत ३-३ अशी बरोबरी साधली, आणि शेवटच्या क्षणी गोल खाऊन मॅच ३-४ अशी घालवली. परतीचा सामना १-१ सुटला आणि बांगलादेशचा एशियन कपचा दरवाजा बंद झाला. नोव्हेंबरमध्ये नेपाळविरुद्ध त्याने दोन गोल केले, त्यातला एक बायसिकल किकवर. तीही मॅच २-२ अशी बरोबरीत गेली.

यातून काय दिसतं? हमझा गोल करतो, बचाव सांभाळतो, गर्दी खेचतो. पण शेवटच्या पाच मिनिटांत मार्किंग चुकणं हा आजार एकट्या स्टारने बरा होत नाही.

मात्र त्याच्यामुळे वाट रुंद झाली हे खरं. डेन्मार्कमध्ये जन्मलेला जमाल भुइयां २०१३ पासूनच बांगलादेशकडून खेळतोय. हमझानंतर कॅनडाकडून मैत्रीपूर्ण सामने खेळलेला शमित शोम आला, इटलीत खेळणारा फाहमिदुल इस्लाम आला.

भारताचं घोडं कुठे अडलंय?

कायद्यात. बांगलादेश आपल्या लोकांना ब्रिटनसारख्या देशांबरोबर दुहेरी नागरिकत्व ठेवू देतो. हमझाला ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला नाही. भारतात मात्र दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड असलेल्यांना इथे राहता येतं, नोकरी करता येते, पण मतदान करता येत नाही आणि २००८ च्या सरकारी धोरणामुळे देशाकडून खेळताही येत नाही.

म्हणजे भारतीय वंशाच्या खेळाडूने आधी आपला पासपोर्ट सोडायचा. युरोपात खेळणाऱ्यासाठी तो पासपोर्ट म्हणजे पोटापाण्याचा प्रश्न. तो गेला की वर्क परमिटसाठी रांगेत उभं राहणं आलं.

तरीही काहींनी हे केलं. इझुमी अराता जपानमध्ये जन्मला, त्याचे वडील गुजराती वंशाचे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेड आणि पुण्याच्या पुणे एफसीकडून खेळलेला हा मिडफिल्डर आपल्या मैदानांवर चांगलाच ओळखीचा. त्याने जपानी नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. त्याच्या आईचा जन्म मुंबईचा आणि आजोबा संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले. ढाक्याच्या त्या मॅचसाठी तो संघासोबत होता, पण कागदपत्रं वेळेत पूर्ण झाली नाहीत आणि त्याला मैदानात उतरता आलं नाही.

मग कायदा बदलायचा का?

काहींच्या मते, खेळाडूंपुरती सवलत द्यायला हरकत नाही. दुसरी बाजू म्हणते, नागरिकत्व हा मोठा विषय आहे, तो फुटबॉलसाठी वाकवू नये. त्यापेक्षा शाळा, अकादमी आणि ज्युनियर लीगवर पैसा लावा.

दोन्ही बाजूंनी बांगलादेशकडे नीट पाहायला हवं. हमझा आल्यावर त्यांनी भारताला हरवलं हे खरं, आणि हमझा असूनही त्यांना एशियन कप गाठता आला नाही हेही तितकंच खरं. भारताची गाडी तर हमझासारखा कोणी नसतानाच अडली : १४ ऑक्टोबरला गोव्यात, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर, सिंगापूरने आपल्याला २-१ असं हरवलं आणि आपला एशियन कप तिथेच संपला. त्या रात्री कमी पडला तो इथेच तयार झालेला संघ. परदेशातून दोन-तीन खेळाडू आले, तरी उरलेले आठ-नऊ जण घडवावे लागणार ते आपल्याच मैदानांवर.