डबा आणि भाकर : अट कोण घालतो?

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका आजींचे खुब्याचे हाड मोडले. घरात दुसरे कोणी नाही. ऑपरेशन करून घरी आल्यावर सहा आठवडे स्वयंपाकाला उभे राहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आम्ही विहारात बसून पाळ्या लावल्या. अकरा घरे, दोन वेळचा डबा. सगळे ठरले आणि पहिल्याच दिवशी आजींनी डबा न उघडता परत पाठवला. "भाकर मागायची आम्ही छप्पन साली सोडली," एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्यातल्या काहींना राग आला. इतक्या प्रेमाने केले आणि म्हातारी हट्ट करते! पण हा हट्ट नव्हता. आजींच्या त्या एका वाक्यात आपला शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो विसरून जे डबे पोहोचवतील, ते कितीही चांगल्या मनाचे असले तरी चुकतील, असे आमचे मत आहे.

हा इतिहास भाकरीचा आहे. गावगाड्यात महाराने दिवसरात्र राबायचे. सांगावा पोहोचवायचा, सरकारी कामगारांच्या घोड्यापुढे धावायचे, मेलेले ढोर ओढायचे, शिवेचा वाद झाला तर हद्द दाखवायची. त्या बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा, सुगीला बलुते आणि घरोघरची भाकर. याला 'हक्क' म्हणत. बावन्न हक्कांच्या गोष्टी आपल्या म्हाताऱ्यांनी अभिमानाने सांगितल्या. पण हा कसला हक्क? भाकर ताजी द्यायची की शिळी, हे देणारा ठरवणार. कधी द्यायची, तेही तोच ठरवणार. घेणाऱ्याने मात्र लांब उभे राहून 'जोहार मायबाप' म्हणायचे आणि वरून टाकलेले पदरात झेलायचे. कष्टाची मजुरी भिकेसारखी दिली, की मजूर स्वतःला भिकारी समजू लागतो. ही जातिव्यवस्थेची सर्वांत मोठी चलाखी आहे.

बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. त्याआधीच, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि अनेक गावांत आपल्या माणसांनी भाकरीची टोपली कायमची खाली ठेवली. आजी तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. आईबरोबर त्यांनी ती टोपली धरलेली होती.

महाडची आणखी एक गोष्ट आपण फारशी सांगत नाही. २० मार्चला चवदार तळ्यावरून लोक परतले. काही जण मंडपात जेवत होते, काही गावात पांगले होते. आपली माणसे आता देवळात शिरणार, अशी अफवा उठवून सवर्णांच्या जमावाने हल्ला केला. माणसांना मारले आणि शिजलेले अन्नही मातीत मिसळले. डिसेंबरच्या परिषदेला तर तिथले व्यापारी माल विकायला तयार नव्हते. मंडपाला जागा एका मुसलमान गृहस्थाने दिली आणि शिधा बाहेरून आणावा लागला. ज्यांनी अन्न तुडवले त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती : ज्या दिवशी ही माणसे आपला शिधा आपण जमवतील, आपण शिजवतील आणि एकमेकांना वाढतील, त्या दिवसापासून ती आपल्या हाताखाली राहणार नाहीत.

अन्न देण्याच्या या दोन तऱ्हा त्याआधीच्या दुष्काळातही दिसतात. १८७६-७७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने मदत दिली, पण धडधाकट माणसाला दुष्काळी कामावर राबला तरच. जानेवारी १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कमी केली. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामे सोडली. म्हणजे उपाशी माणूससुद्धा अपमानाच्या अटी मुकाट सोसत नाही. त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाने मुलांसाठी अन्नछत्र उघडले. सावित्रीमाईंनी २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात भुकेने गाव सोडणाऱ्या माणसांचे हाल आहेत आणि त्यांच्यासाठी धावणाऱ्या कार्यकर्त्यांचे काम आहे. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये याच माईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी मूल पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले आणि त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. त्यांनी आजाऱ्याला आपल्या दाराशी बोलावले नाही. त्या त्याच्या दाराशी गेल्या.

काही बांधव म्हणतील, भुकेल्याच्या पोटात अन्न गेले की झाले, एवढा काथ्याकूट कशाला? त्यांनी विनयपिटकातला प्रसंग आठवावा. अतिसाराने पडलेल्या एका भिक्खूकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदांसह त्याला स्वतः धुऊन, उचलून अंथरुणावर ठेवले आणि संघाला सांगितले, की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. याच ठिकाणी सेवा करणारा कसा असावा तेही सांगितले आहे. आजाऱ्याला काय चालते आणि काय नाही हे त्याला कळले पाहिजे. त्याने मैत्रीने सेवा करावी, लाभासाठी नाही. त्याला घाणीची किळस नसावी. पुण्य मिळवणे हा हेतू यात कुठेच नाही.

आता आपण आपल्याकडे पाहू. आपण भोजनदान करतो, वैशाख पौर्णिमेला खीरदान करतो. चांगलेच आहे. पण कधी कधी ताटापेक्षा बॅनर मोठा असतो आणि घेणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल असतो. तो फोटो ज्याचा निघतो त्याला विचारा, त्याला काय वाटते. समोरच्या इमारतीतल्या एका कुटुंबानेही आजींसाठी जेवण देऊ केले होते, पण कागदी डिशमध्ये. कारण आमच्या वस्तीतून डबा परत जायला नको होता! शिवाशिव गेली म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहिले आहे, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. मग जिथे भांडेसुद्धा परत चालत नाही, तिथे काय बोलायचे?

आम्ही दुसऱ्या दिवशी डबा न घेता आजींकडे गेलो. माफी मागितली आणि विचारले, तुम्हाला काय हवे? त्यांनी अटी घातल्या. जेवण साडेबाराच्या आत. मीठ कमी, भाकरी मऊ, कारण दात नाहीत. दोन दिवसांनी एकदा सुकट. फोटो नाही. आणि रोज एका घराचा लसूण त्या बसल्या बसल्या सोलून देणार. आम्ही सगळ्या अटी मान्य केल्या. सहा आठवडे एकही डबा परत आला नाही. लसणाची वाटी मात्र रोज परत यायची.

ज्या भाकरीची अट देणारा घालतो ती भीक. ज्या डब्याची अट खाणारा घालतो ती बंधुता. आपल्या वस्तीत उद्या कोणी आजारी पडले, तर पातेले चुलीवर ठेवण्याआधी त्याच्या दारात जा आणि आधी त्याला विचारा.

जय भीम!