परत जाण्याची हमी

आमच्या गल्लीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांना परदेशी असलेल्या मुलीकडे दोन महिन्यांसाठी जायचे होते. पर्यटक व्हिसासाठी त्यांनी जी फाइल तयार केली तिच्यात निवृत्तिवेतनाचा कागद होता, बँकेचे उतारे होते, घरपट्टीची पावती होती आणि सातबारा होता. त्या सातबाऱ्यावरील केळीच्या बागेचे रीतसर मूल्यांकनही करून घेतलेले होते. "जायचे लेकीकडे आणि कागद शेताचे," असे ते हसत म्हणाले. मुंबईला एका वकिलातीच्या खिडकीपाशी त्यांना तीन-चार प्रश्न विचारण्यात आले. तिकडे जाऊन तुम्ही काय पाहणार, हा प्रश्न त्यांत नव्हता. सर्व प्रश्नांचा रोख एकच होता : तुम्ही परत याल कशावरून? (अर्धापूरची केळी आखाती देशांत जातात. त्यांना निदान हा प्रश्न कुणी विचारत नाही.)

जाणाऱ्याकडे परतीची हमी मागण्याची ही रीत फार जुनी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्या वाटेत अडचणी पुष्कळ होत्या, पण त्या समुद्राच्या अलीकडच्या होत्या. जात, धर्म, नातलग आणि शेजारी यांनाच त्यांना उत्तरे द्यावी लागली. व्हिसा नावाची वस्तू त्या प्रवासात कोठेही आडवी आली नाही. पारपत्राची सक्ती जगभर आली ती पहिल्या महायुद्धात, आणि युद्ध संपले तरी ती गेली नाही. आपल्याकडे १९२० चा पारपत्र कायदा हे तिचेच अपत्य. त्याच्या दोन वर्षे आधी, १९१८ मध्ये, होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन निघालेल्या लोकमान्य टिळकांना कोलंबोहून परतावे लागले. त्यांची पारपत्रे लंडनच्या सरकारने रद्द केली होती. त्याच वर्षी पुढे चिरोल खटल्यासाठी त्यांना जाऊ देण्यात आले, तेही राजकीय चळवळ करणार नाही या अटीवर. पारपत्र ही सरकारची मेहेरबानी आहे ही समजूत स्वतंत्र भारतातही १९६७ पर्यंत टिकली. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला आणि मग घाईने नवा पारपत्र कायदा करावा लागला.

हा इतिहास सर्वांचा आहे. मराठवाड्याचा इतिहास मात्र थोडा निराळा आहे, कारण येथील माणसाला परका मुलूख पाहण्यासाठी बोटीत बसावे लागत नव्हते. नांदेडहून अर्धापूर, वारंगा फाटा, हदगाव या वाटेने निघाले की पैनगंगा लागते. पलीकडे उमरखेड, म्हणजे वऱ्हाड. अलीकडे निजामाचे राज्य, त्याचा हाली शिक्का, त्याचे टपाल, त्याची रेल्वे, त्याचा करोडगिरीचा नाका. गंमत अशी, की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचेच होते. १९०२ च्या कराराने ते इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेले होते आणि १९३६ नंतर निजामाचा युवराज स्वतःला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवीत होता. म्हणजे एकाच सार्वभौम सत्तेच्या दोन तुकड्यांमध्ये जकातीचा नाका होता! त्या नाक्यावर झडती मालाची होई. माणूस कोण, किती दिवसांसाठी आला, कधी परत जाणार, हे तेथे कुणी लिहून घेत नसे. दोन्ही तीरांवर रोटीबेटीचे व्यवहार होते. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्यात, यात कुणाला नवल वाटत नव्हते. त्याच काळात रत्नागिरीचा किंवा मुंबईचा मराठी माणूस कराचीला कारकुनी किंवा मास्तरकी करायला जाई तो केवळ बोटीचे तिकीट काढून. १९३६ पर्यंत तर कराची मुंबई इलाख्यातच होती. कराचीतील नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही त्या काळाची खूण म्हणून उभी आहे. थोडक्यात, अर्धापूरला उमरखेड परमुलूख होते आणि दादरला कराची स्वदेश होती. नकाशा कसा फिरतो ते पाहण्यासारखे आहे.

तो फिरला १९४७ आणि १९४८ या दोन वर्षांत. ऑगस्ट १९४७ नंतर पैनगंगा ही खरोखरीची सरहद्द झाली. रझाकारांच्या अत्याचारांना भिऊन हजारो कुटुंबे पलीकडे गेली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचे शिबिर उभे राहिले आणि तेथून अलीकडे सशस्त्र तुकड्या येऊ लागल्या. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य आले, निजाम शरण गेला आणि पैनगंगा पुन्हा नुसती नदी झाली. पलीकडे गेलेली कुटुंबे घरी परतली. त्यांना कुणी परवाना मागितला नाही आणि मागायचे कारणही नव्हते.

परंतु त्याच आठवड्यांमध्ये दुसऱ्या काही घरांवर आपत्ती कोसळली. पंडित सुंदरलाल यांच्या शिष्टमंडळाने त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. त्यात मुसलमानांच्या कत्तलींनी सर्वाधिक होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले आहेत ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. हा अहवाल अनेक दशके सार्वजनिक झाला नव्हता. रझाकारांचे अत्याचार आपण शाळेत शिकतो व शिकवतो, ते योग्यच आहे. हे दुसरे पान मात्र आपण उलटत नाही. त्यानंतरच्या वर्षांत मराठवाड्यातील अनेक मुसलमान कुटुंबे विभागली गेली. काही हैदराबाद शहरात गेली, काही तेथून पुढे कराचीला. सगळेच भीतीने गेले असे नाही. कुणी नोकरीसाठी गेले, कुणी भावामागे गेले, कुणी चार महिने पाहून येऊ म्हणून गेले. औरंगाबादचे कवी हिमायत अली शायर तिकडचे झाले. विनोदकार मुज्तबा हुसैन हैदराबादला राहिले आणि त्यांचे बंधू इब्राहिम जलीस कराचीचे लेखक झाले.

चार महिने पाहून येऊ म्हणणाऱ्यांचीच गोष्ट या लेखाच्या मुळाशी आहे. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांवर भारताने परमिटची सक्ती केली ती जुलै १९४८ मध्ये, म्हणजे नांदेड अजून भारतात आलेले नव्हते तेव्हा. पाकिस्तानने ऑक्टोबरमध्ये तोच मार्ग धरला. फाळणीच्या दंगलीत गेलेले अनेक लोक शांतता होताच आपापल्या घरी परतू लागले होते, आणि त्यांच्या घरांत तोवर तिकडून आलेले निर्वासित राहत होते. अशा परतीला बांध घालणे हा परमिटचा हेतू होता. त्यासाठी परमिटचे प्रकार करण्यात आले : तात्पुरत्या भेटीचे वेगळे आणि कायम परतण्याचे वेगळे. पहिले मिळणे शक्य होते, दुसरे फार कठीण होते. माणूस तोच, गाव तेच, दार तेच. परंतु हातातील कागद पहिल्या प्रकारचा असेल तर तो आपल्या घरी पाहुणा. राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदात हाच भेद कोरलेला आहे. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक नव्हे, पण तो कायम परतीच्या परमिटवर आला असेल तर मात्र होऊ शकतो. नागरिकत्वासारखी गोष्ट प्रवासाच्या एका चिठ्ठीवर टांगली गेली.

आणि संशय केवळ जाऊन आलेल्यांवर नव्हता. निर्वासितांच्या मालमत्तेसंबंधीच्या १९५० च्या कायद्यात 'निर्वासित होऊ इच्छिणारा' अशी एक वर्गवारी होती. न गेलेल्या, परंतु जाण्याचा विचार असावा अशा माणसासाठी ती होती. ती १९५३ मध्ये रद्द झाली. मनातील इराद्यावर कायदा करण्याची ही कल्पना आज विचित्र वाटते. पण मुख्याध्यापकांच्या सातबाऱ्याकडे खिडकीपलीकडचा अधिकारी ज्या नजरेने पाहत होता, ती नजर याहून फार वेगळी नव्हती.

ऑक्टोबर १९५२ मध्ये परमिट जाऊन भारत-पाकिस्तानच्या दरम्यान पासपोर्ट व व्हिसा आले. योगायोग असा की, परदेशी माणसाला भेटीचा व्हिसा देताना तो कायमचा राहायलाच येत आहे असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे त्याने स्वतः सिद्ध करावे, असे सांगणारा अमेरिकेचा कायदाही १९५२ चाच. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. परंतु प्रवाशाला आधी संशयित मानून मग पाहुणा करण्याची पद्धत त्या एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना पक्की झाली, याची नोंद घ्यावीशी वाटते.

१९५२ च्या व्यवस्थेने एक नवा पेच निर्माण केला. कराचीला आजारी बहिणीला भेटायला गेलेला आणि तेथे अडकलेला माणूस परत यायचा कसा? भारतीय पासपोर्ट हाती नसेल तर एक वाट उरे : पाकिस्तानी पासपोर्ट घ्यायचा आणि त्यावर भारताचा व्हिसा मागायचा. असे अनेकांनी केले. १९५६ च्या नागरिकत्व नियमांनी मात्र असा पासपोर्ट घेणे हाच परकीय नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा ठरविला, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. घरी येण्यासाठी घेतलेल्या कागदानेच माणूस घराला परका झाला. या प्रश्नावरचे कितीतरी खटले त्या काळच्या निकालपत्रांत आढळतात. ते वाचताना कायद्याच्या भाषेआडून एकच केविलवाणे वाक्य ऐकू येत राहते : मी गेलो होतो, पण राहायला नव्हतो गेलो.

येथे एक ऐकलेली हकीकत सांगतो. माझ्या एका सहकाऱ्याची आत्या लग्नानंतर कराचीला गेली. १९७४ च्या करारानुसार नातलगांना भेटण्यासाठी जो व्हिसा मिळे त्यावर गावांची नावे लिहिलेली असत. त्या नावांपलीकडे जाता येत नसे, आणि पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागे. ऐंशीच्या दशकात ती आत्या आली तेव्हा तिच्या व्हिसावर दिल्ली, हैदराबाद आणि नांदेड अशी तीन नावे होती. तिचा जन्म अर्धापूरचा. नांदेडहून बसने अर्ध्या तासाची वाट. प्रश्न असा पडला की व्हिसावरचे 'नांदेड' म्हणजे नांदेड शहर की नांदेड जिल्हा? ज्या पोलीस ठाण्यात तिने नोंद केली तेथील अधिकारी भला होता; त्यालाही याचे उत्तर ठाऊक नव्हते. त्याने सल्ला दिला, "बाई, जाऊ नका. माझ्याकडून ना नाही, पण कागदावर नाव नाही." ती गेली नाही. तिच्या आईच्या कबरीवरची माती भाच्याने रुमालात बांधून नांदेडला आणली. अर्धापुरातील नातेवाईक, शेजारणी, तिला शिकविणाऱ्या मास्तरांची सून, सगळे पाळीपाळीने नांदेडला येऊन तिला भेटून गेले. महिनाभर ती नांदेडच्या एका घराच्या ओसरीवर बसून होती आणि तिचे गाव बसने तिच्याकडे येत होते.

जाता जाता तिला कंधारच्या हाजी सय्या सरवर मखदूम यांच्या दर्ग्यावर चादर चढवायची होती. तेही जमले नाही. धर्मस्थळांच्या भेटींसाठी दोन्ही देशांनी १९७४ मध्ये वेगळा करार केला होता आणि त्याला यादी जोडलेली होती. तीत भारतातील अजमेर, दिल्लीचे निजामुद्दीन औलिया व अमीर खुसरो, सरहिंद आणि कलियर ही स्थाने होती. दख्खनमधील एकही नव्हते; खुलदाबादसुद्धा नव्हते, मग कंधारचे नाव कोण घेणार?

पुढे १९९४ मध्ये भारताची कराचीतील वकिलात बंद झाली आणि तेथील अर्जदारांना अर्जासाठी इस्लामाबादकडे पाहावे लागू लागले. २००६ मध्ये मुनाबाव-खोखरापार मार्गावरची गाडी एकेचाळीस वर्षांनी पुन्हा सुरू झाली. ती २०१९ मध्ये थांबली. सप्टेंबर २०१२ च्या करारात गावांची संख्या तीनवरून पाच झाली, पासष्ट वर्षांवरील वृद्धांना पोलीस नोंदीतून सूट मिळाली आणि गटाने येणाऱ्या पर्यटकांसाठी प्रथमच तरतूद झाली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीची वाट बंद झाली. निरपराध पर्यटकांना मारणाऱ्यांनी पर्यटनासोबत भेटीगाठीही मारल्या. सरकारचा निर्णय समजण्यासारखा होता. त्या आठवड्यात भेट अर्धवट टाकून परत निघालेल्या म्हाताऱ्यांची छायाचित्रेही वर्तमानपत्रांत आली होती.

आत्या पुन्हा आली नाही. तिचा एक जुना पासपोर्ट मुलाने भाच्याकडे पाठविला होता, तो सहकाऱ्याने मला दाखविला. व्हिसाच्या पानावर तीन गावांची नावे टाइप केलेली आहेत. 'नांदेड'च्या पुढे कुणीतरी, बहुधा तिनेच, पेन्सिलीने बारीक उर्दू अक्षरांत आणखी एक नाव लिहिले आहे. मला उर्दू वाचता येत नाही. सहकाऱ्याने वाचून दाखविले.