शिडाची नौका किती वेगाने धावते?

समुद्रावरील वेग नॉट या एककात मोजला जातो. ताशी एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर, हा एक नॉट होय. सर्वसाधारण शिडाची प्रवासी नौका पाच ते आठ नॉट वेगाने जाते. म्हणजे जेमतेम सायकलस्वाराइतकी. याउलट, ऑस्ट्रेलियाचे पॉल लार्सन यांनी २४ नोव्हेंबर २०१२ रोजी नामिबियातील वॉल्व्हिस बे येथे 'वेस्टास सेलरॉकेट २' ही शिडाची नौका ५०० मीटर अंतरात सरासरी ६५.४५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२१ किलोमीटर वेगाने हाकून विश्वविक्रम नोंदविला. दोन्ही नौका वाऱ्यावरच चालतात. मग हा फरक का पडतो?

पाण्याचा विरोध

वारा नौकेला ढकलतो, तर पाणी तिला अडवते. पाणी कापताना नौका पुढे आणि मागे लाटा उठविते. वेग वाढतो तशी ही लाट लांब होते आणि अखेर नौका आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. त्यामुळे लांब नौका आखूड नौकेपेक्षा वेगवान ठरते. पाण्याला टेकलेल्या लांबीच्या, फुटांतील, वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नौकेच्या वेगाची ढोबळ मर्यादा नॉटमध्ये मिळते. १६ फुटांसाठी ती ५.४ नॉट, तर ४९ फुटांसाठी ९.४ नॉट भरते. अतिरिक्त वजन आणि बुडाला चिकटलेले शेवाळ व शिंपले यांमुळे वेग आणखी घटतो.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी हलकी नौका पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरत नेली जाते किंवा दोन-तीन अरुंद सांगाडे जोडून नौका बांधली जाते. सर्वांत प्रभावी उपाय हायड्रोफॉइलचा. पाण्यातील ही पाती विमानाच्या पंखांप्रमाणे संपूर्ण नौका वर उचलतात. अमेरिका चषक स्पर्धेतील अशा नौकांनी ५० नॉटचा टप्पा ओलांडला आहे.

वाऱ्याची दिशा

वारा थेट मागून असताना नौका सर्वाधिक धावते, हा समज चुकीचा आहे. तेव्हा नौकेचा वेग वाढताच शिडाला जाणवणारा वारा कमी होतो. वारा बाजूने असल्यास मात्र शीड पंखासारखे काम करते, आणि नौकेच्या गतीमुळे समोरून येणारा वाराही त्यात मिळतो. म्हणूनच हलक्या नौका वाऱ्याहूनही वेगाने धावू शकतात. 'सेलरॉकेट'चा वेग त्या वेळच्या वाऱ्याच्या दुपटीहून अधिक होता. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीही शिडाची नौका जाऊ शकत नाही. तिला नागमोडी मार्गच धरावा लागतो.

वेग आणि सातत्य

लांबच्या प्रवासात उच्चांकापेक्षा सातत्य मोलाचे ठरते. नौदलाचे अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१ मार्च २०१३ रोजी परतले. २३ हजारांहून अधिक सागरी मैलांच्या या प्रवासाची सरासरी सहा नॉटच्या थोडी वर भरते. वादळी वाऱ्यात पूर्ण शीड ठेवल्यास डोलकाठी मोडण्याचा किंवा नौका कलंडण्याचा धोका असतो. त्यामुळे शीड वेळीच आवरणे, हेदेखील वेगाइतकेच महत्त्वाचे नौकानयनकौशल्य मानले जाते.