मखर आणि घोंगडी

माझ्या पणजीला न्हाण आलं तेव्हा तिला मखरात बसवलं होतं, असं आजी सांगायची. आमचं गाव रत्नागिरीकडचं. केळीचे खुंट, हिरवं लुगडं, ओटीत नारळ. सोयऱ्यांकडून गोडाची ताटं आली, वाजंत्री वाजली. साल आजीला सांगता येत नसे, पण संमतिवयाच्या कायद्याचा गदारोळ ताजा होता म्हणे, म्हणजे १८९१च्या आगेमागे. बारा वर्षांची होईपर्यंत मुलीला नवऱ्यानेही हात लावू नये, एवढंच तो कायदा म्हणत होता. आधी ही मर्यादा दहाची होती. तरी लोकमान्यांसारखा माणूस विरोधात उभा राहिला. मखरातल्या पोरीला मात्र कुणी काही विचारलं नाही.

आणि पुढच्याच महिन्यापासून तिला ‘कावळा शिवला’! पडवीच्या कोपऱ्यात घोंगडी, कारण लोकरीला विटाळ नाही. पाणी वरून ओतायचं. पुढे मूल झाल्यावर, तान्हं रडायला लागलं की सासू त्याचं झबलं-टोपडं उतरवून उघडं पोर तिच्यापुढे ठेवी. विटाळ कपड्याला, उघड्या पोराला नाही! जुन्या लुगड्याचे धडपे गोठ्यात, अंधारात वाळायचे.

तरी आजी म्हणायची, “अगो, तेवढीच पाठ टेकायला मिळायची.” तिचं हे म्हणणं मी कधी हसण्यावारी नेलं नाही. चुलीपासून सुटका व्हायला बाईला अस्पर्श व्हावं लागे, याचंच मला वाईट वाटतं.

नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष फिटावा म्हणून आजी ऋषिपंचमी धरायची. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. अळू, सुरण, भेंडी, मक्याची कणसं घातलेली तिची ऋषीची भाजी अजून जिभेवर आहे. तिकडे ओडिशात जूनमध्ये रज पर्व असतं. धरणीच रजस्वला झाली असं मानून तीन दिवस नांगर थांबतो, पोरी नवे कपडे घालून झोके घेतात. तिथे त्या दिवसांचा सण, इथे त्यांचंच प्रायश्चित्त.

विटाळावाचून देहच घडत नाही, हे चोखोबांच्या सोयराबाईंनी सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. आम्हाला ते पचलं नाही.

लेकीसुनांना त्या दिवसांत विसावा जरूर द्या, पण घरातल्या माणसांत ठेवून द्या. कापड उन्हात वाळू द्या. आणि मुलीला पाळी येण्याआधीच सगळं नीट समजावून सांगा, तिच्या भावालाही.